स्वल्पविराम देण्याआधी शब्द हलवून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सोसायटीचे सचिव आहात. गच्चीवरची टाकी रविवारी धुणार होते, म्हणून तुम्ही फलकावर नोटीस लावली. निम्म्या लोकांनी ती वाचूनही पाणी भरून ठेवलं नाही आणि रविवारी सकाळी नळ कोरडे पडल्यावर सगळे तुमच्यावर चिडले. स्वल्पविराम कुठे द्यायचा याचा एखादा पक्का नियम आहे का, असं तुम्ही विचारलंय. शाळेत शिकवलेला 'वाचताना थांबावंसं वाटतं तिथे' हा नियम तुम्ही पाळला होता. तुमचं वाक्य हे होतं:

'रविवारी सभेत ठरल्याप्रमाणे गच्चीवरील पाण्याची टाकी धुण्यात येणार असून सर्व सभासदांनी, आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे तसेच जुन्या इमारतीतील सभासद व भाडेकरू यांनी आपली वाहने मागील बाजूस लावावीत.'

मी सव्वीस वर्षं मुद्रितशोधन आणि संपादन करते आहे. मासिकं, अहवाल, पाठ्यपुस्तकं, बँकांची माहितीपत्रकं असं बरंच हाताखालून गेलं. त्यावरून सांगते, तुमची अडचण स्वल्पविरामाच्या थोडी आधी सुरू होते. या वाक्यात 'रविवारी' हा शब्द कोणाचा, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. टाकी रविवारी धुणार, की सभेत रविवारी ठरलं? तुमची सभाही आदल्या रविवारीच झाली होती, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ज्यांनी 'रविवारी सभेत ठरल्याप्रमाणे' असं एका दमात वाचलं, त्यांनी चुकीचं काही वाचलंच नाही. टाकी धुण्याचा दिवस नंतर कळवतील असं समजून ते थांबले.

असं होण्याचं कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणं, क्रियाविशेषणं सगळी आधी येतात. वाक्याच्या सुरुवातीचा शब्द आपला धनी शोधत पुढे जातो. मुख्य क्रियापद लांब, पार टोकाला असतं. वाटेत 'ठरल्याप्रमाणे', 'सांगितलेल्या', 'धरून', 'येणाऱ्या' असं एखादं अर्धं क्रियापद भेटलं, की तो शब्द तिथेच बिलगतो. यात वाचणाऱ्याचा दोष नाही. जवळचा धनी सोडून लांबचा शोधायचा, असं कोणी वाचत नाही.

आता याच वाक्यावर स्वल्पविराम काय करू शकतो ते पाहा. 'रविवारी, सभेत ठरल्याप्रमाणे, टाकी धुण्यात येणार आहे.' इथे दोन स्वल्पविरामांनी मधला तुकडा बाजूला काढला आणि 'रविवारी'चा हात 'धुण्यात येणार'च्या हातात दिला. उलट 'रविवारी सभेत ठरल्याप्रमाणे, टाकी धुण्यात येणार आहे' असं लिहिलं, तर रविवार सभेचा झाला. शब्द तेच, क्रम तोच आणि अर्थ दोन. म्हणजे चिन्हात ताकद आहे, यात शंका नाही.

पण मी स्वतः यातलं पहिलं वाक्यही नोटिशीत जाऊ देणार नाही. लिफ्टसमोर उभं राहून, हातात पिशवी धरून वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून स्वल्पविराम निसटतो. मी लिहीन: 'सभेत ठरल्याप्रमाणे टाकी रविवारी धुण्यात येईल.' एक शब्द उचलून त्याच्या क्रियापदाशेजारी ठेवला आणि चिन्हाची गरजच उरली नाही. माझ्या कामाचा क्रम हाच असतो. आधी शब्द हलवून पाहते. तेवढ्यानं भागलं नाही, तर वाक्य तोडून पूर्णविराम देते. तेही शक्य नसेल, तेव्हा स्वल्पविरामाकडे जाते. बहुतेक जण उलट्या क्रमानं जातात. वाक्य अडलं की पहिल्यांदा स्वल्पविराम टाकतात आणि तो टाकल्यावर वाक्य सुधारलं असं समजतात.

श्वासाचा नियम, म्हणजे तुमचा 'थांबावंसं वाटतं तिथे', कुठून आला हेही सांगते, कारण तो अगदीच निराधार नाही. मोडीत लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं, अशी पद्धत होती. शब्दांमध्ये जागा सोडत नसत, विरामचिन्हं नव्हती. वाचणारा जाणकार असे आणि कुठे थांबायचं हे त्याला क्रियापदावरून, ओळखीच्या मायन्यावरून कळे. पोथ्यांत दंड होते, पण ते ओवी किंवा श्लोक संपल्याची खूण म्हणून. आज वापरतो ती इंग्रजी धाटणीची विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांचा हात होता आणि एकोणिसाव्या शतकात शालेय पुस्तकांची भाषाही ते तपासत. शाळेत धडा मोठ्यानं वाचायचा असतो, म्हणून मुलांना 'इथे एवढं थांबा' असं सांगणं सोयीचं होतं. नावातच 'विराम' आहे. पण तुमची नोटीस कोणी मोठ्यानं वाचत नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्याला श्वासाची खूण नको असते. कोणता शब्द कोणाबरोबर आहे, हे त्याला हवं असतं.

श्वासाच्या नियमानं तुमच्या वाक्यात एक नुकसानही केलंय. 'सर्व सभासदांनी, आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे.' मोठ्यानं वाचताना 'सभासदांनी'नंतर आपण थांबतो, हे खरं. पण तिथे कर्ता आणि त्याचं काम यांच्यामध्ये तुम्ही कुंपण घातलं. ही चूक मला रोज दिसते, विशेषतः कर्ता लांबलचक असला की. कर्त्यानंतर एकटा स्वल्पविराम नको. मध्ये एखादा तुकडा घालायचा असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना हवा: 'सर्व सभासदांनी, विशेषतः वरच्या मजल्यावरील, पाणी भरून ठेवावे.' अशा ठिकाणी स्वल्पविराम कंसासारखा असतो. उघडला की मिटवायचा. उघडून मिटवायला विसरलेले स्वल्पविराम शोधणं हा माझ्या कामातला मोठा भाग आहे.

शाळेतलं 'रोको मत जाने दो' हे उदाहरणही इथे फारसं उपयोगी नाही. ते हिंदीत चालतं, कारण 'मत' मागच्या क्रियापदालाही लागू शकतो आणि पुढच्यालाही. मराठीत 'अडवू नका जाऊ द्या' म्हटलं, तर 'नका' मागच्या 'अडवू'शीच बांधलेला असतो. स्वल्पविराम नसला तरी आपला गोंधळ होत नाही. मराठीत गोंधळ होतो तो वेगळ्या जागी, आणि त्या जागा ओळखीच्या झाल्या की निम्मं काम होतं.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे धातुसाधितं, वर सांगितलेली अर्धी क्रियापदं. सभेच्या इतिवृत्तात असं वाक्य येऊ शकतं: 'वॉचमनने मोठ्याने ओरडून भांडणाऱ्या दोघांना बाहेर काढले.' ओरडलं कोण? वॉचमन ओरडला की ते दोघं ओरडून भांडत होते? पुढे प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं, तर हा फरक लहान नाही. वॉचमन ओरडला असेल, तर 'वॉचमनने मोठ्याने ओरडून, भांडणाऱ्या दोघांना बाहेर काढले'. इथे स्वल्पविराम स्वतःचं काम चोख करतो. ते दोघं ओरडत असतील, तर शब्द हलवा: 'मोठ्याने ओरडून भांडणाऱ्या दोघांना वॉचमनने बाहेर काढले.' 'ऊन', 'त', 'ताना' या प्रत्ययांचा शब्द आणि त्याच्या लगेच पुढे 'णाऱ्या' किंवा 'लेल्या' दिसला, की मी पेन्सिल तिथे टेकवते आणि वाक्य दोन्ही अर्थांनी वाचून पाहते.

दुसरी जागा म्हणजे 'व' आणि 'आणि'. तुमच्या नोटिशीत 'जुन्या इमारतीतील सभासद व भाडेकरू' असं आहे. भाडेकरू फक्त जुन्या इमारतीतले, की सगळेच? इथे स्वल्पविराम देऊन पाहा, 'जुन्या इमारतीतील सभासद, व भाडेकरू'. काही जण बरोबर वाचतील, काही जण ती छपाईची चूक समजतील. कारण मराठीत यादीतल्या शेवटच्या 'व'च्या आधी सहसा स्वल्पविराम देत नाहीत. 'पाणी, वीज व सफाई' असंच लिहितात. मग काय करायचं? ज्याला विशेषण नाही, तो शब्द आधी घ्यायचा: 'भाडेकरू व जुन्या इमारतीतील सभासद'. आता विशेषण मागे जाऊन भाडेकरूंना चिकटू शकत नाही. आणि दोघंही जुन्या इमारतीतलेच हवे असतील, तर 'जुन्या इमारतीत राहणारे सर्वजण, मग ते सभासद असोत वा भाडेकरू' असं सरळ लिहावं. थोडं लांबतं, पण वाद टळतो.

यादीच्या आत यादी असेल, तिथे अर्धविराम वापरा. 'अ इमारत, पहिला व दुसरा मजला; ब इमारत, तळमजला; क इमारत, सर्व मजले.' रोजच्या मराठीत अर्धविराम जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण अशा ठिकाणी त्याची जागा दुसरं कोणी घेऊ शकत नाही.

तिसरी जागा 'असून', 'तसेच', 'त्याचप्रमाणे'. कार्यालयीन मराठीत हे शब्द पूर्णविरामाच्या जागी बसलेले असतात. 'धुण्यात येणार असून' म्हटलं, की वाक्य संपायच्या ऐवजी पुढे ओढलं जातं, मग 'तसेच' येतं, मग आणखी एक सूचना. तुमच्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी कधी धुणार, पाणी कोणी भरायचं, गाड्या कोणी हलवायच्या. तिघांना स्वतंत्र पूर्णविराम हवेत. 'असून' दिसलं की तिथे 'आहे' लिहून वाक्य संपवता येतं का, हे मी आधी पाहते. बहुतेक वेळा येतं.

तुम्ही इतिवृत्तही लिहीत असाल, म्हणून अवतरणचिन्हांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण 'मी' तसाच ठेवतो. 'अध्यक्ष म्हणाले की मी ती रक्कम भरली आहे.' बोलीत यात काही अडत नाही. पण इतिवृत्त लिहिणारे तुम्ही, खाली सही तुमची. मग हा 'मी' कोण, अध्यक्ष की सचिव? पाच वर्षांनी हिशेब तपासणाऱ्याला ते कळणार नाही. एक तर अवतरणात टाका: अध्यक्ष म्हणाले, "ती रक्कम मी भरली आहे." नाही तर 'मी' काढून 'ती रक्कम स्वतः भरल्याचे अध्यक्षांनी सांगितले' असं लिहा. इतिवृत्तात मला दुसरी पद्धत जास्त सुरक्षित वाटते. अवतरणचिन्ह घातलं की आतला शब्दन् शब्द बोलणाऱ्याचा असावा लागतो, आणि तितक्या नेमक्या नोंदी सभेत कोणी घेत नाही.

'की'च्या आधी स्वल्पविराम द्यावा का, असं मला वारंवार विचारतात. हे ज्याच्या त्याच्या शैलीवर आहे. काही प्रकाशनांत देतात, काहींत नाही. वाक्य छोटं असेल तर मी देत नाही. 'पण', 'परंतु', 'म्हणून' यांच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. स्वल्पविराम द्यायचा तर त्यांच्या आधी. 'पण,' असं लिहून पुढे जायची सवय इंग्रजीतून आली आहे. मराठीत 'पण'नंतर आपण थांबत नाही आणि अर्थालाही तिथे तोडायचं काही नसतं.

हाक मारताना मात्र स्वल्पविराम हवाच. 'मुलांनो', 'मित्रांनो' यांत प्रत्ययच हाक दाखवतो. नात्यांच्या शब्दांना तो आधार नाही. 'काका जोशी आले' म्हणजे जोशी नावाचे काका आले. 'काका, जोशी आले' म्हणजे काकांना कोणी तरी वर्दी दिली.

आता प्रश्नचिन्ह. हे चिन्ह लोक सर्वांत सहज गाळतात आणि मी स्वतः एकदा गाळलं होतं. आपल्याकडे 'का' न लावताही प्रश्न विचारता येतो, नुसत्या आवाजाच्या चढावर. 'जेवलात?' आणि 'जेवलात.' यांत अक्षराचा फरक नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचं काम चाललं होतं. रात्री साडेदहाला मी फोनवर निरोप टाकला: 'शेवटचा फर्मा वाचून झाला'. फर्मा म्हणजे एका वेळी छापला जाणारा पानांचा संच. मला सहकाऱ्याला विचारायचं होतं, फर्मा तिच्याकडे होता. तोच निरोप छापखान्यातल्या माणसालाही गेला. त्यानं वाचलं, की झाला. सकाळी सोळा पानं छापून पडली होती आणि एका लेखाचा शेवटचा परिच्छेद त्यात दोनदा होता. सहकारी रात्री बारापर्यंत जागून तोच परिच्छेद खोडत बसली होती. कागदाचं नुकसान भरून निघालं, पण तिच्या जागरणाचं काय? तेव्हापासून कामाच्या निरोपात मी प्रश्नाला 'का' जोडते आणि प्रश्नचिन्हही देते. दोन्ही.

उद्गारचिन्हांबद्दल एवढंच, की नोटिशीत ती नकोत. 'वाहने लावू नयेत!!!' हे वाचणाऱ्याला दरडावल्यासारखं वाटतं, आणि ज्यानं गाडी लावलीच नाही तोही दुखावतो. तीन टिंबंही नकोत. 'अन्यथा कारवाई करण्यात येईल...' यातली टिंबं धमकीसारखी वाचली जातात.

नोटिशीपुरत्या आणखी दोन बारीक गोष्टी, ज्या व्याकरणाच्या पुस्तकात क्वचित भेटतात. पहिली, 'विषय' लिहून पुढे अपूर्णविराम (:) दिला की तो विसर्गासारखा दिसतो. फोनवर टंकताना तर लोक खरोखरच विसर्ग टाकतात आणि 'विषयः' असं होतं. विसर्ग हा 'दुःख', 'अंतःकरण' यांसारख्या शब्दांतला उच्चार आहे, विरामचिन्ह नाही. जुन्या पत्रांत 'विषय :-' असं का लिहीत, ते यावरून लक्षात येईल. मध्ये जागा सोडली आणि पुढे आडवी रेघ दिली, की घोटाळा राहत नाही. देवनागरीसाठी ती पद्धत मला आजही योग्य वाटते.

दुसरी, आकड्यांमधलं संयोगचिन्ह आणि तिरकी रेघ. '१०-१२ वाजता' म्हणजे दहापासून बारापर्यंत, की दहा-बाराच्या सुमारास? '५/६ रोजी' म्हणजे पाच जून, की पाच किंवा सहा तारखेला? नोटिशीत 'ते' आणि 'किंवा' हे शब्दच लिहा. 'सकाळी १० ते दुपारी १२' लिहायला जागा लागते, पण त्याचे दोन अर्थ होत नाहीत.

हे सगळं कुठे लागू होत नाही, तेही सांगायला हवं. ललित लेखनात लेखक मुद्दाम वाक्य लांबवतो, स्वल्पविराम गाळतो, कारण त्याला वाचकाला एका ओघात न्यायचं असतं. तिथे माझा हात आखडता असतो. कवितेत तर मी कवीला विचारल्याशिवाय टिंबही हलवत नाही. आणि खरेदीखत, करारनामा, पोटनियम यांतली विरामचिन्हं वाक्य स्पष्ट करायच्या हेतूनंसुद्धा स्वतः बदलू नका. तिथे एका स्वल्पविरामानं हक्क कोणाचा हे बदलू शकतं. आधी वकिलाला विचारा. मी वर सांगितलं ते नोटीस, इतिवृत्त, अर्ज, कामाचा निरोप यांच्यासाठी. जिथे वाचणाऱ्यानं एकदाच वाचून काहीतरी करायचं असतं, तिथलं हे सगळं.

अर्थाची चाचणी कशी घ्यायची, असंही तुम्ही विचारलंय. छापखान्यात आम्ही दोघी मिळून वाचत असू. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, 'स्वल्प', 'पूर्ण', 'अवतरण सुरू', 'अवतरण बंद' असं चिन्हांसकट, आणि दुसरीनं मुद्रितावर बोट ठेवायचं. चिन्ह तोंडानं उच्चारलं, की ते तिथे का आहे याचं उत्तर द्यावं लागतं. घरी एकट्यानं करायचं असेल, तर उलटं करा. लिहिलेल्या मजकुरातले सगळे स्वल्पविराम काढा आणि वाचा. जिथे अर्थ खरोखर डगमगतो, तिथे आधी शब्द हलवून पाहा. तरीही डगमगला, तर चिन्ह परत घाला. जे चिन्ह काढूनही काही बिघडलं नाही, ते नकोच होतं.

तुमची नोटीस मी अशी लिहीन:

'विषय :- पाण्याची टाकी धुणे.
सभेत ठरल्याप्रमाणे गच्चीवरील पाण्याची टाकी रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत धुण्यात येईल. या वेळेत नळाला पाणी येणार नाही. सर्वांनी शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे.
भाडेकरू व जुन्या इमारतीतील सभासद यांनी रविवारी आपली वाहने मागील बाजूस लावावीत.'

वेळा मी माझ्या मनानं घातल्या आहेत, तुमच्या तुम्ही घाला. 'रविवारी'च्या पुढे तारीखही लिहा, कारण नोटीस चार दिवस फलकावर राहते. 'आदल्या दिवशी' काढून मी 'शनिवारी रात्रीच' केलंय, म्हणजे वाचणाऱ्याला मागे वळून दिवस मोजावा लागणार नाही. यात एकही स्वल्पविराम लागला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो टाळायचा असं मी ठरवलं नव्हतं. शब्द आपापल्या जागी बसल्यावर त्याची गरज पडली नाही.

लावण्याआधी ती सभेला न आलेल्या एखाद्या शेजाऱ्याला वाचायला द्या. 'समजली का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'पाणी कधी भरून ठेवणार?' असं विचारा.